चिमटीतला आकडा

दुरुस्तीच्या टेबलावर भाचीचा पारा चढला होता. वीज अडवणारा दहा लाख ओहमचा रेझिस्टर मल्टिमीटरवर कधी सहा लाख दाखवायचा, कधी सात. "दुकानदारानं कचरा गळ्यात मारलाय!" म्हणत तिनं तिसरा रेझिस्टरही डब्यात भिरकावला.

तिला हे काम शिकवणारी आत्या दोघींच्या सकाळच्या भांडणापासून तोंड फुगवून बसली होती. पण आता तिला राहवेना. "अगं शहाणे, दोन्ही टोकं बोटांनी दाबून धरलीस की! मीटर आपल्या बॅटरीतून इवलीशी वीज सोडतो आणि ती जितकी जास्त अडेल तितका मोठा आकडा दाखवतो. तिला तुझ्या अंगातूनही वाट मिळतेय. चिमटे लाव."

चिमटे लावताच पडद्यावर जवळजवळ दहा लाख उमटले.

भाची आ वासून बघत राहिली. "म्हणजे वीज माझ्यातून जात होती? आणि मला पत्ताच नाही!"

तिनं रेझिस्टर बाजूला सारला. मीटरच्या एका वायरचं टोक स्वतः धरलं, दुसरं आत्याच्या हातात दिलं. पडद्यावर आकडाच नव्हता. मग तिनं आपला मोकळा हात पुढे केला. आत्यानं आढेवेढे घेत तो बोटांच्या टोकांनी धरला, आणि तीस लाखांचा आकडा उमटला. कुणालाही न टोचता ती वीज एकीच्या अंगातून दुसरीच्या अंगात चालली होती.

"हलू नकोस," आत्या पुटपुटली आणि तिनं भाचीचा हात घट्ट धरला.

आकडा भराभर उतरू लागला.