घरी आलेली मोजणी

पोहण्याच्या तलावावर अकरा वर्षं तिने उंच खुर्चीत बसून डोकी मोजली होती. काचेच्या छपरातून ऊन झिरपायचं, पाण्याचा उजेड भिंतींवर हलत राहायचा आणि त्या निळसर गुंगीतही तिची नजर तेवढी जागी असायची. सतरा, अठरा, एकोणीस. जीवरक्षकाला एवढी धास्ती हवीच. तिच्या देखरेखीत कधी कुणी बुडालं नव्हतं.

पण गेल्या सात-आठ महिन्यांत ती मोजणी तिच्यामागोमाग घरी आली. बसमध्ये, दुकानातही डोकी मोजली जायची. एखादं कमी भरलं की छातीत धडधड. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की ही त्यांच्या नाकाशी बोट धरून उभी.

"अगं, मी पलंगावर आहे," सासूबाई डोळे न उघडता म्हणायच्या. "बुडायला निदान बादली तरी आणून दे!"

हसू यायचं, पण पाय तिथून हलायचे नाहीत.

मग एके दिवशी एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून पाठीवर तरंगत होते. तिने उडी टाकली आणि त्यांना काखेत धरून काठाशी ओढत आणलं.

"अहो बाई, किती छान डुलकी लागली होती!" ते म्हणाले. सगळे हसले. ती मात्र खुर्चीवर परत चढून तासभर तीच डोकी पुन्हापुन्हा मोजत राहिली.

घरी ते ऐकून सासूबाईंनी चपला घातल्या. "चल डॉक्टरकडे. आता हे थट्टेवारी नेण्यासारखं राहिलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "झोप लागते? काय काय करायचं सोडलंत?"

"पोहायचं," ती म्हणाली आणि स्वतःच दचकली. "मी पाण्यात गेले तर मोजणार कोण?"

"काळजी सगळ्यांनाच वाटते, काम झालं की उतरते. तुमची महिनोन्महिने उतरलेलीच नाही. झोप, आवड, सगळं खाऊन बसलीय. हा नुसता स्वभाव नाही, आजार आहे. आणि त्यावर उपचार आहेत."

आठवड्यातून एकदा डॉक्टरीणबाईंशी बोलणं, एक छोटी गोळी आणि घरचा अभ्यास: सासूबाई झोपल्या की त्या खोलीत जायचं नाही. पहिल्या दुपारी ती ओटा घट्ट धरून उभी राहिली. जीव टांगणीला लागला, कानांत समुद्र घुमला आणि वीसेक मिनिटांनी, कुणी काही न करता, सगळं हळूहळू ओसरलं. दुसऱ्या दिवशी मात्र ती हरली. जाऊन बघून आली.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी खुर्चीत दुसरा जीवरक्षक बसला होता. ती पाण्यात उतरली. पाण्याखाली सगळे आवाज मऊ झाले. माणसांचे पाय ढगांसारखे वरून सरकत होते. तिने मोजायला घेतलं, अकरापर्यंत आली आणि पुढचं विसरली. घरी जाऊन ओल्या केसांनीच आडवी झाली, ती दिवेलागणीपर्यंत उठलीच नाही.