गाडलेली बाटली

दारू तोंडात गेली आणि पहिल्याच क्षणी मला कळलं की ही गिळायची नाही. ओला पुठ्ठा, कुजका भुसा आणि त्यावर नखांचा रंग काढायचं पाणी. मुलीच्या लग्नात, नवाकोरा निळा पोशाख घालून, ऐंशी पाहुण्यांच्या देखत मी ती पचकन गवतावर थुंकले.

थुंकण्यात मला लाज नाही. मी वेल्डा ग्रीनवेल. अख्खी उमर इथल्या मोठ्या भट्टीत बर्बन, म्हणजे आमची मक्याची व्हिस्की, चाखण्याच्या खोलीत गेली, आणि चाखून थुंकणं हाच माझा पगाराचा धंदा. पण मार्नीने, माझ्या पोरीने, सकाळी केसांत फुलं माळून घेताना बजावलं होतं, "आई, आजचा एक दिवस तोंडावर काही दाखवू नकोस. रॉस्को तुझ्या तोंडाकडे बघणार आहे."

रॉस्को हेडन म्हणजे हमरस्त्यावरचं दारूचं मोठं दुकान. आमच्या जिल्ह्यात येणारा प्रत्येक पर्यटक त्याच्या दारातून जातो. माझा जावई ग्रेडन मूळचा ओहायोचा. नदीपलीकडून आला, चार वर्षांत बूट आणि टोपी आमच्यासारखी घालायला शिकला, आणि स्वतःची नोकरी सोडून, मार्नीलाही तिची सोडायला लावून त्याने तयार दारूची पिंपं विकत घेतली आणि स्वतःच्या नावाची बर्बन काढली. कडक, एकशे बावीस प्रूफ, म्हणजे साठ टक्क्यांच्या वर निव्वळ अल्कोहोल, आणि तरी कामगाराच्या खिशाला परवडेल अशी. रॉस्कोने तिला दर्शनी फळीवर जागा दिली तर पोरांचा संसार उभा राहणार, नाही तर सगळं मुसळ केरात. आणि रॉस्कोने सांगून ठेवलं होतं, "वेल्डाने प्यायली तर मी ठेवीन."

मी आजवर ती चाखली नव्हती. घरच्या माणसाची दारू चाखू नये. चाखली की बोलावं लागतं.

आता ही बाटली कुठून आली ते सांगते. आमच्याकडे लग्नाच्या दिवशी पाऊस येऊ नये म्हणून महिनाभर आधी बर्बनची भरलेली बाटली लग्नाच्या जागी उलटी गाडतात. शपथा झाल्या की नवरा-नवरीने ती उकरायची आणि सगळ्यांनी घोट घोट घ्यायची. माझ्या आईने पुरली, मी पुरली, आणि आम्ही दोघींनी पत्र्याच्या फिरकीच्या झाकणाची, सगळ्यांत हलकी बाटली पुरली. ग्रेडनला मात्र हौस. त्याने स्वतःची पहिली बाटली पुरली. खऱ्या बुचाची, वर लाल मेण लावलेली. इतकी जहाल दारू महिनाभर बुचावर उभी ठेवली की ती बूच खाते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"वेल्डा, काय झालं गं?" माझी नणंद डॉटी हातात ग्लास घेऊन म्हणाली. "मला तर छान लागतेय. व्हॅनिला. आणि मागून जरा दालचिनी."

"डॉटी, तुझ्या ग्लासात बुचाचा तुकडा तरंगतोय."

"ते होय! मला वाटलं अक्रोड."

अशी माणसं. एकेक जण घोट घेत होता, डोळ्यांत पाणी येत होतं आणि 'वा वा' म्हणत होता. मला दारूपेक्षा त्या वा-वाचीच शिसारी आली. लग्न आहे म्हणून काय माणसाने जीभ घरी ठेवून यावं?

ग्रेडनने बाटली उन्हात धरून पाहिली. आत तपकिरी चुरा फिरत होता. त्याचं तोंड उतरलं.

"मॅम, हे बुचामुळे झालं," तो म्हणाला. "बुचामुळेच ना?"

"बूच खाल्लंय तिने."

"मग दारूचा दोष नाही! बघा मिस्टर हेडन, दारूचा दोष नाही."

रॉस्को हॅम भरलेली, पावासारखी मऊ बिस्किटं खात उभा होता. बोटं पुसत म्हणाला, "मग दुसरी आण की पोरा. वेल्डाला चांगली बाटली दे."

मार्नीने माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली. मला वाटलं ती नको म्हणतेय ते मी तमाशा करीन म्हणून. मी मुद्दाम मान वळवली. एवढी भीती असेल तर दारू काढावी कशाला?

ग्रेडन धावत जाऊन गाडीतून नवी बाटली घेऊन आला. मी स्वच्छ ग्लास मागितला आणि साधं पाणी. आधी तळहातावर थेंबभर चोळून वास घेतला. मका कच्चा. लाकूड हिरवं. मग तोंड किंचित उघडं ठेवून ग्लासातून वास घेतला. तेच नखांचं पाणी, आणि त्यामागे काहीच नाही. पहिला घोट जिभेला जागं करायला असतो, त्यावर मी मत देत नाही. दुसरा घोट घेतला. पाणी घातलं, तिसरा घेतला. पाणी पडल्यावर चांगली बर्बन मोकळी होते. ही पाणी पडल्यावर उघडी पडली. कोवळी, आंबूस, कडू दारू नुसत्या जोरावर चढवलेली, म्हणजे पिणाऱ्याचं तोंड पोळावं आणि त्याने काही विचारू नये.

बिचाऱ्या बुचावर आळ घालून मी सुटले असते. सगळे त्याचीच वाट बघत होते. पण रॉस्को माझ्यासमोर उभा होता आणि इतक्या वर्षांत मी त्याला एकदाही खोटं सांगितलेलं नाही.

तिसरा घोटही मी थुंकले.

"बूच चांगलं होतं," मी म्हणाले. "या दारूने बुचाची वाट लावली. रॉस्को, ही फळीवर ठेवू नकोस. आणि ज्याने ही पिंपं पसंत केली त्याला नाक नाही. दोन भोकं आहेत फक्त."

हे मी ग्रेडनकडे बघून म्हणाले. वर्षभर साठलेलं होतं ते.

त्याने खाली पाहिलं नाही. "पसंती मार्नीची आहे, मॅम," तो म्हणाला. "मला त्यातलं काय कळतं? नाक तुमच्या घरचं म्हणून मी तिला विचारलं. ती म्हणाली, छान आहे, हीच घेऊ."

मार्नी सहा वर्षांची असल्यापासून मी तिला वास ओळखायला शिकवलंय. डोळे बांधून ती पिंप कोठाराच्या कुठल्या मजल्यावर मुरलंय ते सांगायची. ही दारू तिला छान लागणं शक्यच नव्हतं.

"मार्नी, तू चाखली होतीस?"

"चाखली होती."

"मग?"

"घाण होती," ती हळूच म्हणाली. "तू म्हणालीस तशीच. सगळं तसंच."

रॉस्कोने ग्लास टेबलावर ठेवला आणि टोपी घेऊन डॉटीकडे सरकला. ग्रेडन मात्र हलला नाही. पांढऱ्या विजारीला गुडघ्यापर्यंत माती लागलेली, अजून फावडं शेजारी पडलेलं.

"मग मला का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं. "सगळं लावलं मी त्यात. तू एक शब्द बोलली असतीस तर मी नसती घेतली. मी तुला विचारलं होतं ना?"

"विचारलं होतंस," मार्नी म्हणाली. तिचा आवाज फाटला. "ग्लास माझ्या हातात दिलास आणि शेजारी अंगठी ठेवलीस. दोन्ही एकदम विचारलंस, ग्रेडन. एकाला हो म्हणून दुसऱ्याला नाही कसं म्हणणार होते मी?"

ग्रेडनने माझ्या हातातला ग्लास काढून घेतला, उरलेली सगळी तोंडात ओतली, आणि डोळे मिटून बराच वेळ घोळवली. काहीतरी वाईट सापडावं म्हणून तो जिवापाड शोधत होता.

"मला अजूनही चांगलीच लागते," तो म्हणाला.