सासऱ्यांच्या नावावर

कचेरीत तिला सगळे फौजदारबाई म्हणायचे, तेही तोंडावर. पगार विभागात बसायची ती. वर्ष संपत आलं की टेबलाटेबलावरून फिरायची आणि विचारायची, "पगाराशिवाय दुसरं काही उत्पन्न? भाडं, शिकवण्या, दुकान? असेल तर आत्ता सांगा, मागाहून माझ्याकडे रडत येऊ नका!" लोक कुरकुरायचे, पण सांगायचे. कचेरीचा ड्रायव्हर सुट्टीच्या दिवशी लोकांच्या समारंभांचे फोटो काढायचा. त्यानं ते सांगितलं नव्हतं, तर हिनं त्याला सगळ्यांदेखत असं झापलं की बिचारा पुढे कितीतरी दिवस ती जिन्यात दिसली की भिंतीला चिकटून उभा राहायचा.

आणि ही स्वतः काय करत होती? संध्याकाळी घरी येऊन यंत्रांसोबत देतात त्या माहितीपुस्तिका लिहीत होती. पंखे, पाण्याचे पंप, कपडे धुण्याची यंत्रं. 'ओल्या हातांनी बटण दाबू नये', 'यंत्र पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडू नये', असली वाक्यं. हात चांगला होता तिचा, कंपन्या पुन्हा पुन्हा काम द्यायच्या. आता यात लाजण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा. काही नाही! पण पहिल्या वर्षी स्वतःचा फॉर्म भरायला बसली आणि 'दुसरे उत्पन्न' या रकान्याशी तिचं पेन अडलं. हा फॉर्म साहेब बघणार, शेजारच्या टेबलावरची बघणार. फौजदारबाईंचं पगारात भागत नाही वाटतं, अशी कुजबुज होणार. तिनं 'नाही' लिहून टाकलं. आणि एकदा 'नाही' लिहिल्यावर पुढच्या वर्षी 'आहे' कुठल्या तोंडानं लिहायचं?

मग तिनं डोकं चालवलं. नियम तोंडपाठ होते ना! सासऱ्यांचं पेन्शन इतकं बेताचं की त्यावर कर लागतच नव्हता, थोडी भर पडली तरी लागणार नव्हता. तेच पैसे तिच्या पगारावर चढले तर मात्र चांगला लचका तुटणार. तिनं कामं सासऱ्यांच्या नावावर घेतली आणि पैसे त्यांच्या खात्यात वळवले. "बाबा, इथे जरा सही करा," एवढंच म्हणायची. सासरे आयुष्यभर दुकानदारांचे तराजू आणि वजनं तपासत फिरलेले. वाचल्याशिवाय त्यांनी कधी कशावर सही केली नव्हती. सुनेनं पुढे केलेल्या कागदांवर मात्र ते डोळे झाकून करायचे. नवरा तिचा बोटीवर नोकरीला, महिनेमहिने घराबाहेर. घरात दोघंच असायची.

यंदा कामं वाढली. करखात्यालाही प्रश्न पडला असणार, की हे आजोबा या वयात अचानक लेखक कसे झाले!

"सूनबाई," सासरे जेवताना म्हणाले, "करखात्यातून फोन होता. तुमच्या कामाच्या पैशांबद्दल बोलायचंय, उद्या या म्हणाले. कसलं गं काम माझं?"

तिनं हातातला घास ताटात ठेवला. सांगावं लागलं. सगळं सांगितलं तिनं, अगदी त्या पहिल्या 'नाही'पासून. सासरे पानातला भात चिवडत ऐकत राहिले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"बाबा, माझी नोकरी जाईल हो. मी, पगार विभागातली, आणि मीच असं..."

"जाईल की राहील ते नंतर बघू. उद्या तिथं खरं काय ते सांगायचं. आणि तू सांगायचं. मी तुझ्यासोबत येईन, पण माझ्या तोंडून तुझी चुगली होणार नाही."

"सांगते बाबा," ती म्हणाली. मनापासून म्हणाली, खोटं कशाला बोला.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये ती ते एकच वाक्य घोकत होती. हे काम माझं आहे, बाबांचं नाही. करखात्याची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. मधोमध अधिकारी बाईंचं टेबल, समोर दोन खुर्च्या, आणि मागे भिंतीला लागून वाट बघणाऱ्यांचं बाकडं. आडोसा म्हणून कसला नाही. ही दोघं बसतात न बसतात तोच मागून आवाज आला, "फौजदारबाई! तुम्ही इथं?"

ड्रायव्हर! फोटोंच्या पैशांवरचा कर भरायला आला होता. हिनंच झापलं होतं ना त्याला! अदबीनं उठून उभा राहिला तो. तिला वाटलं, जमीन दुभंगावी आणि पोटात घ्यावं.

"आजोबा," अधिकारी बाई म्हणाल्या. तरुण होत्या, बोलणं मऊ होतं. "या पुस्तिका तुम्ही स्वतः लिहिता?"

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं आणि ते थांबले. तिला कळत होतं ते कशाला थांबलेत. वाक्य अगदी जिभेवर होतं. पण पाठीमागे तो बसला होता, आणि तिच्या तोंडून ब्र निघेना. ती पर्सचा बंद चाचपत राहिली.

"हो," सासरे म्हणाले. "मीच लिहितो."

"काय सांगता! या वयात?" बाईंना मनापासून कौतुक वाटलं. "मग तसं या कागदावर लिहून सही करा, की झालं काम." मागून ड्रायव्हर म्हणाला, "वा आजोबा, मानलं तुम्हाला!" बाकड्यावरची माणसं हसली. सासऱ्यांनी मान खाली घालून लिहिलं, सही केली आणि उठले.

जिन्यात तिनं त्यांना गाठलं. "बाबा, तुम्ही का बोललात असं?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो," ते म्हणाले. "नाही बोललीस. मग चार लोकांत तुला उघडं पाडू?"

उतरताना ते नेहमी तिचा हात धरायचे. आज तिनं हात पुढे केला, तर त्यांनी कठडा धरला. "चल, बस येईल," म्हणाले आणि एकेक पायरी उतरू लागले. ती तशीच मागे फिरली आणि जवळजवळ पळत वर गेली.

"काही राहिलं का?" बाईंनी विचारलं.

"हे काम माझं आहे. पुस्तिका मी लिहिते. कर चुकवायला बाबांचं नाव लावलं मी." ड्रायव्हरला ऐकू जाणार हे माहीत असूनही ती मोठ्यानं बोलली.

बाईंचा चेहरा बदलला. "म्हणजे आजोबांनी आत्ता खोटं लिहून दिलं?"

जिना चढताना तिनं स्वतःचा अपमान, दंड, नोकरी, सगळ्याचा विचार केला होता. हा प्रश्न तिच्या मनातही आला नव्हता. "त्यांचा काही दोष नाही हो, माझ्यामुळे..."

"दोषाचं मी विचारत नाही. त्यांनी सहीनिशी लिहून दिलंय. ते खरं आहे की खोटं?"

ड्रायव्हर खाली आपल्या बुटांकडे बघत होता, तिच्याकडे बघायचं टाळत होता.

"खोटं," ती म्हणाली. "बाबांनी खोटं लिहिलं."

आणि मग तिला दारात धाप ऐकू आली. ती मागे फिरलेली पाहून सासरे पुन्हा सगळा जिना चढून आले होते. त्यांनी ऐकलं होतं. ते हळूहळू पुढे आले आणि मघाच्याच खुर्चीत बसले.

"बरोबर सांगतेय ती," ते बाईंना म्हणाले. "मी खोटं बोललो."

बाईंनी नवा कागद काढला आणि सुनेसमोर सरकवला. ती लिहू लागली. आता तिला नोकरीचं काही वाटत नव्हतं, मागे बसलेल्यांचंही नाही. शेजारी बसलेल्या या माणसाची लाज वाटत होती, इतकी की त्यांच्याकडे नजर वळवायचाही धीर होत नव्हता.

"बाई," सासऱ्यांनी विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता त्यांचा. "माझा तो मघाचा कागद... तो फाडून टाकता येईल का?"

"नाही आजोबा. तो फाइलमध्ये राहतो आता."

"कायमचा?"

"हो. कायमचा."

"बरं," सासरे म्हणाले.