असाहेलचा उजवा हात

तांब्याचा एवढासा खिळा, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरलेला, आणि त्याच्या चपट्या माथ्यावरचं ऊन हलतंय... ऊन कसं हलेल? खिळा हलतोय. असाहेलने श्वास रोखून धरला. तरी हलतोच आहे.

म्हणजे आता कामातसुद्धा.

कालपर्यंत असं नव्हतं. कालपर्यंत हात मांडीवर नुसता ठेवला, किंवा सभेत प्रार्थनेला तळवा वर करून धरला, की तो आपला आपण थरथरू लागायचा. आणि हातोडी उचलली की गरीब बैलासारखा निमूट उभा राहायचा. एवढ्यावरच तर त्याने गेले सहा दिवस काढले होते – प्रार्थनेत येतं, कामात थांबतं, म्हणजे कदाचित... कदाचित खरंच वरून, देवाकडून येत असेल. आज तेही गेलं. मेपलच्या लाकडाची पातळ पट्टी वाफवून साच्याभोवती वळवलेली होती, लंबगोल पेटीला सहाच खिळे मारायचे होते, आणि चाळीस वर्षं हजारो पेट्यांना मारलेला खिळा आज जागेवर बसत नव्हता. त्याने तो खाली ठेवला. कारखान्यात कुणी नव्हतं तरी हात चामड्याच्या एप्रनखाली लपवला.

गेल्या रविवारी लपवायला वेळच मिळाला नाही. पंथाची सभा शांत बसली होती, पुरुष इकडे, स्त्रिया तिकडे, आणि भगिनी डॉर्कसने – ऐंशी वर्षांची, जुने दिवस डोळ्यांनी पाहिलेली – त्याचा हात पाहिला आणि ती ताडकन उठून ओरडली, "उतरली! वडिलांवर कृपा उतरली!" वडील म्हणजे इथला प्रमुख, म्हणजे तोच. मग काय, सगळे उठले. ज्या थरथरीवरून गावातली पोरं आम्हाला 'थरथरे' म्हणून चिडवतात ती थरथर आमच्यात उरलीच कुठे होती? भाजीपाल्याचं बी आणि खुर्च्या विकणारी सत्तावीस म्हातारी-कोतारी माणसं आम्ही. त्या दिवशी सगळी वीस वर्षांनी नाचली, रडली, टाळ्या पिटू लागली. आणि मी गप्प बसलो. एक शब्द बोलायचा होता. मी बोललो नाही.

कारण बाप... बापाचाही उजवाच. आधी जेवताना, मग नांगर धरताना, आणि शेवटी आई फडक्याने चमचा त्याच्या मुठीला बांधायची, सूप दाढीवरून ओघळायचं, आणि तो ओशाळून तिच्याकडे बघत राहायचा. बाविसाव्या वर्षी असाहेल ते सगळं मागे टाकून इथे आला. इथे कुणाला बाप नसतो, बायको नसते. वडील असतात, बंधू असतात, भगिनी असतात. आल्यावर पहिल्याच सभेत त्याचं अंग नखशिखांत थरथरलं होतं, आणि त्या एका थरथरीवर त्याने पुढचं सगळं आयुष्य उभं केलं... ती तरी वरून आली होती ना? की तीही बापाचीच होती? हा विचार त्याने पुरा होऊ दिला नाही, पण पुरा व्हायला आता उरलं काय होतं?

दुपारी लेम्युएल आला. सत्तावीसांतला एकटाच तरुण, पस्तिशीचा, लाकूडगिरणी एकट्याच्या बळावर चालवणारा. गेल्या शनिवारी तो गाठोडं बांधून बाहेरच्या जगात निघालेला आणि रविवारी त्या हाताकडे बघून गाठोडं सोडलेला. त्याने टोपी भिंतीवरच्या खुंटीला अडकवली, रीतीप्रमाणे आधी उजवा गुडघा टेकला. वडिलांपुढे पाप कबूल करायचा दिवस होता.

"वडील, पाप तसं मोठं नाही, पण चमत्कारिक आहे."

"बोल."

"बुधवारी सभेत माझा हात हलला ना? तो मीच हलवला. म्हटलं, पंपात वरून जरा पाणी ओतलं की पुढे आपोआप येतं, तसं होईल."

"मग?"

"कसलं काय! खांदा दुखतोय नुसता."

एरवी असाहेल पोट धरून हसला असता.

"खरं सांगा वडील," लेम्युएल खालच्या आवाजात म्हणाला. "आपण हलवतोय की तो वरचा, हे तुम्हाला कसं कळतं?"

एप्रनखाली हात उड्या मारत होता. बोललो तर हा उद्या गेला. हा गेला की गिरणी बंद, आणि डॉर्कस हा हिवाळा कशाच्या आधारावर काढणार? न बोललो तर ह्याने खरं सांगितलं आणि आपण मात्र... असाहेलने हात बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. वाटीतले खिळे खुळखुळले.

लेम्युएलने मान खाली घातली. त्याचे डोळे भरून आले. "आत्तासुद्धा!"

"माझ्या बापाचाही असाच हलायचा."

"म्हणजे त्यांच्याही अंगात यायचं? तेही आपल्यातलेच का?"

"नाही रे बाबा. आजार होता तो. शेवटी चमचा धरवेना. तसाच गेला."

स्वयंपाकघरातून शनिवारच्या घेवड्याचा, काकवीचा वास येत होता. लेम्युएलने वर पाहिलं.

"मग रविवारी..."

"रविवारी मी गप्प बसलो."

"आणि तरुणपणी? पहिल्यांदा?"

हेच विचारू नये असं असाहेलला वाटत होतं. "माहीत नाही," तो म्हणाला.

लेम्युएल उठला. त्याने खुंटीवरच्या टोपीकडे पाहिलं, असाहेलनेही पाहिलं. राहीन म्हणाला नाही, जातो म्हणाला नाही. स्टूल ओढून समोर बसला, वाटीतला एक खिळा उचलला आणि आपल्या जाड बोटांनी पट्टीवर नेमका उभा धरला.

"सहाच राहिलेत. मारा."

"बोट काढ."

"काढलं तर खिळा पडेल. मारा तुम्ही."

हातोडी वर गेली आणि वर थरथरत राहिली. खाली लेम्युएलचं बोट, गिरणीत चेचून काळं पडलेलं नख, आणि ते जागचं हलत नव्हतं. असाहेल सकाळइतकाच घाबरलेला होता. पण आता बाप आठवत नव्हता, रविवार आठवत नव्हता, त्या काळ्या नखाशिवाय काही दिसतच नव्हतं. "हलू नकोस," तो म्हणाला, आणि कुणाला म्हणाला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.