बशीतला चुरा

सुनेच्या पिकअपचा वेगाचा काटा चालता चालता शून्यावर पडू लागला.

"मामंजी, गाडी पळतेय आणि काटा झोपलाय," ती म्हणाली. "दुपारी तुम्ही झोपता तसा."

मुलगा तापाने गेला तेव्हापासून गाडी तीच चालवते. भाजीच्या पेट्या भरून डोंगर उतरते. घरची चूल तिच्यावरच.

मी गाडीखाली सरकलो. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला एका बोल्टवर वेग मोजणारा सेन्सर असतो. तो उपसून काढला. त्याच्या चुंबकावर लोखंडाचा काळा चुरा दाट केसांसारखा उभा होता. आतले दाते झिजतात, त्यांचा हा चुरा. इतकी वर्षं गाडी मुलानेच पळवलेली. उताराला ब्रेक नाही, वळणावर दोनदा हॉर्न, बस्स. चुरा त्याच्याच हातचा. पुसायला हात धजेना. नवा सेन्सर बसवला, मागची चाकं उचलून हाताने फिरवली, काटा हलला. जुना सेन्सर खिडकीतल्या बशीत ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी ती निघाली आणि बशीतला चुरा थरथरू लागला. वाऱ्यात गवत झुकतं तसा एका अंगाला झुकला. वारा नव्हता. तिने येऊन गाडी बंद केली, की चुरा निजायचा. मी कुणाला बोललो नाही. म्हातारी म्हणाली असती, ह्यांना आता चळ लागला. पण चुरा निजल्याशिवाय मी जेवायला उठत नसे.

एक दिवस भर दुपारी तिचा फोन आला.

"मामंजी, पेट्यांचा दोर सैल झाला म्हणून थांबलेय. येताना काय आणू?"

बशीत चुरा धावत होता.

"गाडी चालू आहे?"

"बंद. चालवताना फोनवर बोलले तर तुम्हीच माझी सालटी काढाल."

"चाकं हलत नाहीत ना?"

"अहो, चाकाला टेकूनच उभी आहे मी."

चुरा आणखी झुकला.

"पोरी, गाडीत बसू नको. मी सांगेपर्यंत नको."

"आणि माल सडला तर?"

"सडू दे."

माझा आवाज तिला कळला असावा. चुरा धावतच होता. एवढा वेग तिचा नव्हे. मग तो एकदम थांबला. निजला नाही. चुंबकावरून सगळाच गळून बशीत पडला.

फोनमध्ये दूर काहीतरी गडगडलं.

"मामंजी," ती हळूच म्हणाली, "पुढच्या वळणावरचा रस्ता खाली गेला."

"तू कुठे आहेस?"

"इथेच. चाकापाशी." मग म्हणाली, "तिकडून हॉर्न आला. आपल्या गाडीचा. दोनदा."

ती बशी मी अजून कुणाला धुऊ दिलेली नाही.