एकाच छपराखालच्या दोन प्रती

अंधेरीच्या अंबोली गावठाणातल्या निम्म्या घरांचं वायफाय माझ्या आईने लावून दिलं होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काम करून ती निवृत्त झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिने एक जुना लॅपटॉप उघडून टेबलावर पसरला. राउटर जमिनीवर ठेवू नका, कपाटात कोंडू नका, भाडेकरू गेला की पासवर्ड बदला, कागदावर लिहिलात तरी चालेल पण फ्रिजवर चिकटवू नका, असं ती लोकांना सांगायची. पूर्वी ‘लाइन व्यस्त आहे’ ज्या आवाजात म्हणायची, त्याच आवाजात.

पप्पांची नजर गेली तेव्हा त्या आवाजाला घरातच काम मिळालं. पूर्ण आंधळेपण नव्हे. त्यांना कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. म्हणजे दाराची चौकट दिसते, दारात उभा माणूस दिसत नाही. आणि आयुष्यभर दुपारी जेवून पुस्तक घेऊन बसणारा हा माणूस. आई सकाळी त्यांना आंघोळीला पाठवून फोनमध्ये वाचन रेकॉर्ड करायची, रोज दहा-बारा पानं. मग ते त्या जुन्या लॅपटॉपवर चढवायची आणि फोनमधलं पुसून टाकायची, कारण फोन कायम भरलेला. लॅपटॉपची बॅटरी गेलेली, स्क्रीन फुटकी होती, पण त्याला स्क्रीनची गरज नव्हती. क्रूसाच्या फळीवर, मेरीच्या मूर्तीशेजारी तो चार वर्षं रात्रंदिवस चालू होता. पप्पांच्या खुर्चीजवळ आकड्यांचा एक छोटा कीबोर्ड होता, पाचाच्या बटणावर नेलपॉलिशचा थेंब. पाच दाबलं की पुढचं वाचन सुरू.

प्रत्येक रेकॉर्डिंग एकाच तऱ्हेने सुरू व्हायचं. ‘पान एकशे बारा. कॉस्मस, बसलास नीट?’ मग ती थोडी थांबायची. त्या थांबण्यात पप्पा म्हणायचे, “बसलो.” मी मुलुंडहून शनिवारी यायचे, तेव्हा हे ऐकून मला हसू यायचं. मी चाळीस वर्षं पुस्तकं वाचण्यात काढली, पण माझ्यासाठी कुणी एवढं वाचलं नव्हतं.

जानेवारीत आई गेली. सतरा दिवस हॉस्पिटलमध्ये होती.

तिला घरी आणण्याआधी फिलू मावशीने, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीने, घर आवरलं. टीव्हीचा प्लग काढला, रेडिओ कपाटात टाकला आणि फळीवरचं ते लुकलुकणारं, घूं घूं करणारं यंत्रही मुख्य बटणापासून बंद केलं. मयताच्या घरात आवाज नको, दिवे लुकलुकायला नकोत, ही आमच्याकडची जुनी रीत. बटणाच्या पाटीवर आईने ‘बंद करू नये’ असा कागद चिकटवला होता. मावशीला वाटलं, तो मेरीसमोरच्या दिव्यासाठी आहे. तो दिवा तिने चालूच ठेवला.

आठवड्याने, चर्चमध्ये सातव्या दिवसाची मिस्सा झाल्यावर, दुपारी जेवून पप्पा खुर्चीत बसले आणि त्यांनी पाच दाबलं. काही झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. मी बटण चालू केलं. आतून टक्, टक् असा आवाज आला आणि बंद पडला. मी पुन्हा चालू केलं. दोन दिवसांत मी ते तीस-चाळीस वेळा तरी चालू केलं असेल.

शेवटी मी तो लॅपटॉप अंधेरी स्टेशनजवळच्या केयूरभाईंकडे नेला. डिस्कवरचा गेलेला मजकूर काढून देणं हाच त्यांचा धंदा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. वर्षानुवर्षं न थांबता फिरलेली डिस्क एकदा थंड पडली की कधीकधी पुन्हा उठत नाही, म्हणाले. मावशीने बंद केली तेव्हा ती अडकली असेल. तेवढ्यावर काहीतरी करता आलं असतं.

“पण टक्-टक् आल्यावर किती वेळा चालू केलं, मॅडम?”

मी खरा आकडा सांगितला.

त्यांनी डिस्क दोन आठवडे ठेवून घेतली आणि परत दिली. आत चरे पडले होते. आत काय होतं, एवढंच त्यांनी विचारलं. आवाज होता, असं मी सांगितलं. त्यांनी मग पैसे घेतले नाहीत.

त्या संध्याकाळी मी आईची वही उघडली. लोकांना सांगायच्या गोष्टी ती त्या वहीत लिहून ठेवायची. घरात आलेली-गेलेली सगळी पुस्तकं मी वाचली असतील, ही वही कधी वाचली नव्हती. नवव्या पानावर लिहिलं होतं: ‘डिस्क टक्-टक् करू लागली तर ताबडतोब बंद. पुन्हा चालू करून बघायचा मोह होतो. करू नये.’

फिलू मावशी तेव्हा आमच्याकडेच राहत होती. ती रोज एकदा तरी मला म्हणायची, मीच वाट लावली गं, मीच. मी तिला नववं पान दाखवलं. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि उठून चहा ठेवला. त्यानंतर ती ते वाक्य बोलली नाही.

अकराव्या पानावर मात्र हे होतं: ‘एकाच छपराखालच्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत. आग, पाणी, चोर, तिघेही दोन्ही नेतात. म्हणून एक प्रत घराबाहेर. नेटवर ठेवायची तर ठेवावी, पण फोन बंद झाल्यावर ओटीपी कुणाला येणार, याचा विचार करावा. बाहेरची प्रत कुणाकडे आहे ते वहीत लिहू नये. वहीसुद्धा घरातच असते.’

म्हणजे प्रत होती. कुठेतरी होती. मी दुबईला ॲश्टनला, माझ्या भावाला, फोन केला. त्याच्याकडे नव्हती. चर्चच्या ऑफिसात विचारलं, आईच्या एक्स्चेंजमधल्या दोन मैत्रिणींना विचारलं, ज्या घरांना तिने वायफाय लावून दिलं त्या सगळ्या घरांत जाऊन आले. प्रत्येकीने मला बसवून आईची एक गोष्ट सांगितली. प्रत कुणाकडेच नव्हती.

पप्पा दुपारी खुर्चीत बसतच होते. कीबोर्ड मांडीवर घ्यायचे, दाबायचे नाहीत. मी बाजारातून तयार ऑडिओबुकं आणून ऐकवली. त्यांनी सभ्यपणे एक प्रकरण ऐकलं. मग म्हणाले, “चांगला वाचतो गो, बाय. पण हा कोनाशी बोलतो?”

महिन्याची मिस्सा फेब्रुवारीत झाली. मावशी तिच्या घरी गेली. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी दहाला दारात सगुणा उभी राहिली. सगुणा मढची. होडीने वर्सोव्याला उतरून गेली पंचवीस वर्षं ती आमच्या गावठाणात मासळी विकते. आईला न्यायच्या दिवशी ती येऊन गेली होती. नंतर आली नव्हती आणि मला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. महिना होईपर्यंत मयताच्या घराच्या दारात टोपली उतरवायची नाही, हे ती पाळते.

तिने टोपली बाहेर ठेवली, हात धुतले, पुसले, आणि खांद्याच्या पिशवीतून एक चपटा प्लास्टिकचा डबा काढला. घट्ट झाकणाचा. आत बुटांच्या खोक्यात येतात तसल्या ओल शोषणाऱ्या पुड्या, आणि त्यांच्यामध्ये काळी, तळहाताएवढी डिस्क.

“पयला शुक्रवार ना,” ती म्हणाली. “लाव त्याला. दुपारी जाताना नेतंय.”

मग मी तिला विचारलं की ही तिच्याकडे कधीपासून आहे. चार वर्षं, ती म्हणाली. दर पहिल्या शुक्रवारी सकाळी ती डबा आणायची, आई महिन्याचं नवीन त्यात भरायची, आणि फेरी संपवून एक वाजता ती तो परत न्यायची. घरी तांदळाच्या पिंपावरच्या फळीवर ठेवायची. कुणाला सांगायचं नाही, असं आईने बजावलं होतं.

“मी फोन नाही केला तुला,” मी म्हणाले. “सगळ्या गावाला विचारलं.”

“गावाला विचारलास, कोलिनीला नाय विचारलास,” सगुणा म्हणाली. मग आवाज उतरवून म्हणाली, “माजं पन हाय ना गो त्यात?”

होतं. मी डिस्क माझ्या लॅपटॉपला लावली तेव्हा आत दोन फोल्डर होते. एकाचं नाव ‘कॉस्मस’, दुसऱ्याचं ‘महादू’. महादू तिचा नवरा, सहा वर्षांपूर्वी गेलेला. सगुणाचा फोन पाण्यात पडायच्या आधी आईने त्यातले सगळे फोटो काढून घेतले होते. होडीवरचा, हळदीतला, एकात नुसताच झोपलेला. मी ते तिला एकेक दाखवले. तिने सगळे पाहिले आणि टोपली उचलून फेरीला गेली.

‘कॉस्मस’मध्ये एक हजार एकोणीस वाचनं होती. शेवटचं चार डिसेंबरचं. दुसऱ्या दिवशी, पाच तारखेला, पहिला शुक्रवार होता. जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारी आई हॉस्पिटलमध्ये होती. मधल्या तीन आठवड्यांचं, नाताळच्या आसपासचं, तिचा श्वास लागू लागल्यानंतरचं, काहीच नव्हतं. ते मी चालू-बंद करता करता संपवलं.

मी सगळं एका नव्या डिस्कवर उतरवलं. दोन तास लागले. एक वाजता सगुणा परत आली आणि तिने हात पुढे केला. डबा माझ्या हातात होता. नवी प्रत समोरच टेबलावर पडली होती, तपासून झाली होती, तरी माझ्याने डबा सोडवेना. मी म्हणाले, या खेपेला राहू दे, पुढच्या महिन्यात ने.

“तुजी आय असा कदी नाय बोल्ली,” सगुणा म्हणाली.

मी झाकण घट्ट बसवलं आणि डबा तिला दिला. तिने तो पिशवीत टाकला, टोपलीत नाही.

जेवणानंतर पप्पांच्या मांडीवरचा कीबोर्ड मी माझ्या लॅपटॉपला जोडला आणि दाबायला सांगितलं. त्यांनी पाचावरचा थेंब चाचपला.

‘पान दोनशे एक. कॉस्मस, बसलास नीट?’

ती थांबली. पप्पांचा हात कीबोर्डवर तसाच राहिला.

“बसलो,” ते म्हणाले.

वाचन पंचवीस मिनिटांचं होतं. संपल्यावर पुढे काय, असं त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं: पुढचं तीन आठवड्यांचं गेलं, माझ्या हातून गेलं. नववं पानही सांगितलं. त्यांनी मान खिडकीच्या चौकटीकडे वळवली. चौकट त्यांना दिसते.

“ते मी एकदा ऐकलंय,” ते म्हणाले. “तिला मधे मधे थांबायला लागायचं. पुस्तक कुठंय?”

पुस्तक फळीवरच होतं, तीनशे चाळीस पानापाशी बसचं तिकीट घातलेलं. गेलेली पानं पुन्हा वाच, असं पप्पांनी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. मी फोन समोर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं, पान उघडलं.

“पान आधी सांग,” पप्पा म्हणाले.

“पान तीनशे चाळीस,” मी म्हणाले. “पप्पा, बसलास नीट?”

मी थांबले. आई जेवढी थांबायची तेवढीच. मग त्यांनी कीबोर्ड बाजूच्या स्टुलावर ठेवला आणि पाय लांब केले.

“वाच,” ते म्हणाले.