कापडाआडचा मनोरा

तर झालं काय, आर्टिस्टला चेहऱ्यांचा कंटाळा आला. आर्टिस्ट हे नाव त्याच्या वहिनीने ठेवलेलं, आणि कौतुकाने ठेवलं असेल असा गैरसमज कोणी करून घेऊ नका. दोघं मिळून फोटोचं दुकान चालवायची. ती हिशोब बघायची, हा दिवसभर पासपोर्टचे फोटो काढायचा. "हनुवटी खाली, कान दिसू द्या, हसू नका." संपली कला!

एक दिवस वहिनीने काउंटरवरून जाहीर केलं, "भाऊजी, ही दर्शनी काच नुसती जागा अडवतेय. तिथे झेरॉक्सचं मशीन ठेवते."

आर्टिस्टच्या काळजाचं पाणी पाणी झालं. त्या काचेत कधीतरी आपलं खरं काम लागेल, या एका आशेवर तर त्याने इतक्या जणांचे कान सहन केले होते!

"वहिनी, थांबा! माझा प्रोजेक्ट होऊ दे. जगप्रसिद्ध मनोरा, आणि फ्रेममध्ये एकही माणूस नाही. निर्मनुष्य!"

"म्हणजे पोस्टकार्ड."

"पोस्टकार्ड काय! माझी स्वतःची नजर असते त्यात."

"बरं, लावू तुमची नजर काचेत. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली तर काच तुमची. नाहीतर झेरॉक्स."

गेला की हा! नवी लेन्स, ट्रायपॉड, आणि गळ्यात असा स्कार्फ की फोटो कॅमेऱ्याने नाही, स्कार्फनेच निघत असावेत. उजाडायच्या आत मनोऱ्यासमोरच्या चौकात पोचला, कारण पहाटे तिथे चिटपाखरू नसतं हे त्याला एकट्यालाच माहीत होतं. तिथे आधीच ट्रायपॉड रोवून बसलेल्या गर्दीतल्या प्रत्येकालासुद्धा ते एकट्यालाच माहीत होतं. सगळ्यांना वेगळा अँगल हवा होता, आणि त्या वेगळ्या अँगलसाठी सगळे एकाच पायरीवर धक्काबुक्की करत होते.

शेजारचा माणूस दातांचा डॉक्टर निघाला. "वर्षाची सगळी रजा घालवलीय," तो म्हणाला. "तुम्ही जरा सरकता का? माझी फ्रेम निर्मनुष्य आहे."

"माझीपण," आर्टिस्ट म्हणाला, आणि सरकला नाही.

मग उजाडलं. आणि मनोरा? होता ना! पायथ्यापासून शेंड्यापर्यंत पांढऱ्याशुभ्र कापडात गुंडाळलेला. दुरुस्ती चालू होती. खाली एवढीशी पाटी, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

डॉक्टर पुढे जाऊन कापडाकडे बघत राहिला, जणू मनोरा आत्ता बाहेर येऊन भॉ करेल. एक नवं जोडपं होतं. ती म्हणाली, "तू चौकशी केली होतीस ना?" तो म्हणाला, "मला वाटलं तू केलीस." झाला यांचा सुखी संसार सुरू.

आर्टिस्ट मटकन खाली बसला. डोळ्यांसमोर झेरॉक्सचं मशीन, दिवा लागलेलं, कागद ओकणारं.

पण बसल्या बसल्या त्याची नजर कापडावर गेली. सपाट. ना सुरकुती, ना सावली. फोटोमागे लावायला असं पांढरं कापड त्याच्या दुकानाने जन्मात पाहिलं नव्हतं! आणि त्यासमोर डॉक्टर, हनुवटी वर करून. आर्टिस्टने स्वतःला आवरलं. एकही चेहरा काढायचा नाही म्हणजे नाही. पण ती हनुवटी!

"डॉक्टर," शेवटी तोंडातून निसटलंच, "हनुवटी खाली. कान दिसू द्या."

हसू नका म्हणायची गरजच नव्हती.

मग नवरी. मग नवरा, वेगळ्या फ्रेममध्ये, कारण एका फ्रेममध्ये यायला ती तयार नव्हती. मग बाकीचे आपणहून रांगेत आले. इतक्या लांब आलोय तर काहीतरी न्यायला हवंच ना!

परत आल्यावर वहिनीने फोटो पाहिले.

"भाऊजी, मनोरा कुठाय?"

"मागे आहे. कापडाच्या."

"आणि एवढा प्रवास करून तुम्ही पासपोर्टचे फोटो काढून आलात?"

पण वहिनी शब्दाची पक्की. सगळे चेहरे मोठे करून ओळीने काचेत लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक आजोबा थांबले. मग पिशव्या घेतलेल्या दोघी. मग गाडी बाजूला लावून एक पोलीस आला, काचेला नाक चिकटवून बघायला लागला. आतमध्ये आर्टिस्टने छाती फुगवून स्कार्फ नीट केला. एवढ्यात एक काकू डोळे पुसत दुकानात शिरल्या.

"अहो, इतकी माणसं एकदम हरवली कशी? घरच्यांचा जीव किती टांगणीला लागला असेल!"

आर्टिस्टने स्कार्फ काढून खिशात कोंबला.

वहिनीने झेरॉक्स मशीनचं माहितीपत्रक शांतपणे केराच्या टोपलीत टाकलं. "थांबतायत ना? काच तुमची." मग काकूंकडे वळली. "माणसं सापडली हो सगळी. मनोरा तेवढा हरवलाय."